आधी स्वतःची ओळख पटवा

प्रति,
छत्रपती संभाजीनगरातल्या सरकारी-निमसरकारी कार्यालयांची आणि बँकांची संकेतस्थळं, संदेश आणि दूरध्वनी सांभाळणारे सर्व अधिकारी

विषय : नागरिकांना सावध करण्यापूर्वी आपली स्वतःची ओळख पटवून देण्याबाबत

महोदय / महोदया,



सावध राहण्याच्या आपल्या सूचना या शहराला मिळाल्या. एटीएमच्या काचेवर मिळाल्या, बँकेच्या संदेशांतून मिळाल्या. २०२५ च्या जूनपर्यंत तर फोन लावला की समोरच्याच्या आधी अमिताभ बच्चन बोलायचे. अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी कुणाला सांगू नका, अ‍ॅप कुठूनही उतरवून घेऊ नका. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'डिजिटल अरेस्ट'च्या, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून अटकेची भीती घालणाऱ्या, फोनवर तोडगा सांगितला : थांबा, विचार करा, मग कृती करा. सूचना सगळ्या योग्य आहेत. त्याबद्दल आपले आभार.

तक्रार वेगळी आहे. या सूचना अक्षरशः पाळायच्या ठरवल्या, तर आपल्याच कार्यालयांशी व्यवहार करणं अशक्य होतं. खरं-खोटं ओळखायची सगळी जबाबदारी नागरिकाच्या गळ्यात पडली आहे, आणि ओळखायच्या खुणा मात्र आपल्याकडून धड पाळल्या जात नाहीत. उलट रोजच्या कामकाजातून आपण लोकांना ज्या सवयी लावता, नेमक्या त्यांच्यावरच भामट्यांचा धंदा चालतो. खालच्या तक्रारी एकेक करून वाचाव्यात, ही विनंती.

पहिली तक्रार पत्त्यांची.

सरकारी संकेतस्थळ ओळखायची खूण आपणच शिकवली : पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघा. लोकांनी ती पाठ केली. मग १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, सक्तीची झाली. राज्याचे तीन विभाग पाडून तीन कंपन्यांना काम दिलं गेलं आणि नोंदणीसाठी तीन पत्ते आले. 'एमएचएचएसआरपी डॉट कॉम', 'एचएसआरपीएमएचझोन२ डॉट इन' आणि 'महाराष्ट्रएचएसआरपी डॉट कॉम'. तिन्ही खरे. एकाच्याही शेवटी 'जीओव्ही' नाही. शिकवलेली खूण लावून पाहिली, तर तिन्ही बनावट ठरतात.

पुढचं व्हायचं ते झालं. याच धाटणीची नावं घेऊन बनावट संकेतस्थळं निघाली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. परिवहन विभागाच्या मूळ संकेतस्थळावरून शिरलं तर माणूस योग्य ठिकाणी पोचतो, हे मान्य. पण इथल्या 'एमएच २०' क्रमांकाची जुनी दुचाकी असलेला माणूस मूळ संकेतस्थळावर जात नाही. तो गूगलवर 'एचएसआरपी' टाकतो आणि वर जे दिसेल ते उघडतो. ४५० रुपये अधिक जीएसटी भरायला त्याच्यापुढे तीन खरे पत्ते असतात आणि त्यांच्यात मिसळलेले खोटे. 'हे सरकारी दिसत नाही' म्हणून तो थबकला तर पाटी राहून जाते, आणि नाही थबकला तर पैसे जाण्याची भीती.

ही एकाच खात्याची गोष्ट नाही. वेरूळ-अजिंठ्याचं तिकीट ऑनलाइन विकताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण अनेक वर्षं पर्यटकांना पेयूमनी या खासगी कंपनीच्या पत्त्यावर पाठवत होतं. आपल्या महापालिकेचं संकेतस्थळ वर्षानुवर्षं 'औरंगाबादमहापालिका डॉट ऑर्ग' या नावानं चाललं. 'डॉट ऑर्ग' हा पत्ता कुणीही विकत घेऊ शकतो.

त्यात या शहराची अडचण दुहेरी. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर करणाऱ्या नामांतराला केंद्राची मंजुरी मिळाली. त्यानंतर पाट्या बदलल्या, लेटरहेड बदललं. रेल्वे स्थानकाचं नाव २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बदललं आणि तिकिटावरचा 'एडब्ल्यूबी' जाऊन 'सीपीएसएन' आलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाच्या नावात मात्र नामांतरानंतरही औरंगाबादच होतं. जुन्या नावानं शोधावं तर मध्येच बिहारमधल्या औरंगाबाद जिल्ह्याची पानं येतात. बदलाच्या या काळात नागरिकाला एखादा नवा, लांबलचक पत्ता दिसला, तर तो नामांतरामुळे आलेला की कुण्या भामट्यानं काल रात्री तयार केलेला, हे त्यानं कशावरून ठरवायचं? जुना पत्ता अमुक तारखेला बंद झाला, नवा हा, असं एक साधं जाहीर प्रकटनसुद्धा बहुतेक कार्यालयांच्या ध्यानात आलं नाही.

विनंती : जिल्ह्यातल्या सगळ्या कार्यालयांचे चालू पत्ते, जुने बंद झालेले पत्ते आणि ज्या खासगी कंपन्यांना नागरिकांकडून पैसे घ्यायला नेमलं आहे त्यांचे पत्ते जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळावर एकाच पानावर द्यावेत. तीच यादी छापून प्रत्येक तहसील, आरटीओ आणि टपाल कार्यालयात लावावी. कंपनी खासगी असली तरी पैसे भरायचं पान 'जीओव्ही डॉट इन'च्या आतच ठेवता येतं. निविदेत तशी एक अट घालावी.

दुसरी तक्रार ओटीपीची.

'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे वाक्य आता शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'लाडकी बहीण' योजनेतल्या महिलांची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा त्या वाक्याचं काय झालं, ते टीव्ही सेंटर, मुकुंदवाडी, बजाजनगर अशा कुठल्याही भागातल्या सेवा केंद्रासमोर उभं राहून पाहता आलं असतं. बाईचा आधार क्रमांक टाकायचा, तिच्या फोनवर ओटीपी येणार. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार. नवरा वाळूजच्या कंपनीत पहिल्या पाळीला असेल तर फोन गेटवर जमा. तो सुटीत फोन हाती घेईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा पाठवायचा. शेवटी तो आकडे सांगणार, बाई ते मोठ्यानं पुन्हा उच्चारणार आणि केंद्रावरचा मुलगा संगणकावर टाकणार. मागच्या चार बायकांनाही ते आकडे ऐकू गेलेले असतात.

या योजनेचे अर्ज २०२४ मध्ये आधी 'नारीशक्ती दूत' अ‍ॅपवर भरले गेले, नंतर संकेतस्थळावर. ई-केवायसी सुरू झाल्यावर बनावट संकेतस्थळांपासून सावध राहण्याचे इशारेही निघाले. इशारा बरोबर होता. पण घरबसल्या हे काम जमत नसलेल्या बाईला केंद्रावर जाऊन अनोळखी माणसाला दोन-दोन ओटीपी सांगण्यावाचून दुसरा मार्ग कुठे होता?

गॅस सिलिंडर आणणाऱ्याला कोड सांगायचा, पार्सलवाल्याला सांगायचा, रिक्षाच्या अ‍ॅपवर चालकाला सांगायचा. फक्त बँकेवाल्याला सांगायचा नाही. शिकलेल्या माणसाला यातला फरक कळतो. हर्सूलच्या एकट्या राहणाऱ्या आजीला 'सिलिंडरचा कोड सांगा' आणि 'केवायसीचा कोड सांगा' ही दोन वाक्यं सारखीच वाटली, तर चूक तिची म्हणता येत नाही.

विनंती : ओटीपीच्या प्रत्येक संदेशात पहिल्याच ओळीत, मराठीत, तो कशासाठी आहे आणि कुणाला सांगायचा, की कुणालाच नाही, हे लिहावं. आकडे त्यानंतर यावेत. सेवा केंद्रांवर ओटीपी नागरिकानं स्वतः टाकावा यासाठी टेबलावर वेगळा कीपॅड द्यावा. पेट्रोल पंपावर आणि दुकानात कार्डाचा पिन टाकायला तशी सोय केव्हाची आहे.

तिसरी तक्रार फोन आणि संदेशांची.

२०२२ मध्ये महाराष्ट्रभर एक संदेश फिरला. मागच्या महिन्याचं बिल अद्ययावत नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब या अधिकाऱ्याशी संपर्क साधा. खाली दहा आकडी मोबाइल क्रमांक. अनेकांनी फोन केला, सांगितलेलं अ‍ॅप उतरवलं आणि खातं रिकामं झालं. महावितरणनं तेव्हा खुलासा केला की कंपनीचे संदेश मोबाइल क्रमांकावरून येत नाहीत, ते 'व्हीएम-एमएसईडीसीएल' अशा शीर्षकानं येतात. खुलासा चांगला, नेमका होता. पण शीर्षकातली ती अक्षरं म्हणजे काय, हे किती ग्राहकांना कधी कुणी समजावलं? २०२५ च्या मे महिन्यापासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा शीर्षकांच्या शेवटी एक अक्षर असतं : जाहिरातीला 'पी', सेवेला 'एस', व्यवहाराला 'टी', सरकारी संदेशाला 'जी'. इतकी उपयोगी खूण, आणि तिची माहिती लोकांपर्यंत जवळजवळ पोचलेलीच नाही.

बँकांबाबतही तेच. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की खातेदारांना कामाचे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच करावेत, जाहिरातीचे १४० वरून. संकेतस्थळं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर न्यायची होती; तो पत्ता बँकेखेरीज कुणालाच मिळत नाही. दोन्ही निर्णय उत्तम आहेत, आणि दोन्ही वाया घालवायचा सोपा उपाय म्हणजे शाखेतल्या कर्मचाऱ्यानं स्वतःच्या मोबाइलवरून 'साहेब, केवायसी राहिली आहे, आधारचा फोटो या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा' असा फोन करणं. मार्चअखेर जवळ आली की वसुलीचे फोनही असेच खासगी क्रमांकांवरून येतात. फोन करणारे कर्मचारी खरे असतात आणि त्यांचा हेतू कामाचा असतो. पण अशा फोनला एकदा 'हो' म्हणालेला खातेदार पुढच्या अनोळखी फोनलाही सहज 'हो' म्हणतो.

विनंती : कार्यालयीन कामासाठी खासगी मोबाइल वापरणं बंद करावं. संदेशातून पैसे भरायची लिंक पाठवू नये. 'आमच्या अधिकृत अ‍ॅपवर जा' एवढंच लिहावं. सिंगापूरमध्ये २०२१ च्या डिसेंबरात एका मोठ्या बँकेच्या नावानं आलेल्या खोट्या संदेशांनी शेकडो खातेदारांना लुबाडलं. महिनाभरातच तिथल्या नियामकानं बँकांना ग्राहकांच्या संदेशांतल्या लिंक काढून टाकायला लावल्या. १ जुलै २०२४ पासून तिथल्या सरकारी खात्यांचे संदेश एकाच नावानं येऊ लागले. खातेदारांना आणखी एक सल्ला देऊन तो देश थांबला नाही; त्यानं पाठवणाऱ्यांना शिस्त लावली.

चौथी तक्रार छोटी आहे, पण तिच्यावर बरंच अवलंबून आहे : आपले फोन उचलले जात नाहीत.

लोक मदतीचा क्रमांक गूगलवर का शोधतात, असं आपण वैतागून विचारता. संकेतस्थळावर दिलेला क्रमांक 'अस्तित्वात नाही' असं ऐकू येतं, म्हणून शोधतात. २०१८ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे गूगल मॅप्सवरचे क्रमांक कुणीतरी बदलून टाकल्याचं महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी उघडकीला आणलं होतं. नकाशावर कुणीही 'दुरुस्ती' सुचवू शकतो, त्या सोयीचा हा गैरफायदा. खातेदार बँकेला फोन लावतोय असं समजून भामट्यालाच लावत होता. आपल्या कार्यालयाचा नकाशावरचा क्रमांक कोणता आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी या वर्षात एकदा तरी तपासलं? त्याच वेळी वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं हे नकाशावर दिसतं का, हेही तपासलं, तर बाहेरगावचे पाहुणे बंद फाटकापाशी उभे राहायचे वाचतील.

विनंती : दर तीन महिन्यांनी एका लिपिकाकडे हे काम द्यावं. संकेतस्थळावरचा, नकाशावरचा आणि दारावरच्या पाटीवरचा क्रमांक एकच असावा, आणि कार्यालयीन वेळेत तो उचलला जावा.

पाचवी तक्रार आदेशांची.

अतिवृष्टीत शाळांना सुटी, रस्ता बंद, पाण्याचं बदललेलं वेळापत्रक, जमावबंदी, असे आपले आदेश शहरापर्यंत पोचतात ते व्हॉट्सअ‍ॅपवरून. तिरका काढलेला फोटो, अर्धवट कापलेला शिक्का, वाचता न येणारी सही. कुणी मागच्या वर्षीच्या पत्रावरची तारीख बदलून पुढे ढकललं तर ते हुबेहूब असंच दिसतं. 'डिजिटल अरेस्ट'वाले तर सर्वोच्च न्यायालयाचे खोटे आदेशसुद्धा दाखवतात. २०२५ मध्ये न्यायालयानं स्वतःहून त्याची दखल घेतली आणि तपास सीबीआयकडे दिला.

अफवेची किंमत मराठवाड्यानं आणि खानदेशानं मोजलेली आहे. २०१८ च्या जूनमध्ये वैजापूर तालुक्यातल्या चांदगावात चोर समजून जमावानं केलेल्या मारहाणीत दोघांचा जीव गेला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं गेलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पोलिसांची 'अफवांवर विश्वास ठेवू नका' ही आवाहनंही लोकांपर्यंत आली ती त्याच माध्यमातून, अफवेच्याच रूपात.

गंमत अशी की यावरचा उपाय आपल्याच दप्तरात आहे. राज्य सरकारच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक संकेतांक असतो. तो अधिकृत संकेतस्थळावर टाकला की मूळ निर्णय समोर येतो. पंधरा रुपयांत मिळणाऱ्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो. तलाठ्याच्या शिक्क्याशिवाय तो चालतो, कारण खरा की खोटा हे कुणालाही तपासता येतं. मात्र खूण असूनही तपासायचीच नाही असं ठरवलं, तर काय होतं ते २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यात दिसलं. बनावट शासन निर्णयाच्या आधारे तिथे कोट्यवधींची विकासकामं मंजूर झाल्याचं बाहेर आलं. तो कागद पाहणारे सामान्य नागरिक नव्हते, कार्यालयांतलेच लोक होते.

विनंती : जिल्हाधिकारी, महापालिका आणि पोलीस आयुक्तालयाच्या प्रत्येक जाहीर आदेशावर क्रमांक आणि क्यूआर कोड असावा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जाण्याआधी तो आदेश संकेतस्थळावर चढलेला असावा. आदेश रद्द झाला तर त्याच क्रमांकाखाली 'रद्द' असं दिसावं.

शेवटची तक्रार फसल्यानंतरची.

मदतीचा क्रमांक आधी १५५२६० होता, मग १९३० झाला. जुना क्रमांक अजूनही काही जुन्या पत्रकांवर सापडतो. पैसे गेल्यावर पहिले काही तास मोलाचे, असं आपण सांगता. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं की दोष बँकेचा किंवा खातेदाराचा नसून मधल्याच कुणाचा असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर खातेदाराला तोशीस लागत नाही. कळवल्यानंतर गेलेली रक्कम बँकेच्या माथी, आणि चूक खातेदाराची होती हे सिद्ध करायचं कामही बँकेचंच. कर्जाच्या आणि ठेवींच्या व्याजदराची पाटी प्रत्येक शाखेत असते. या नियमाची पाटी का नसते? फसलेल्या माणसाला काउंटरवर पहिलं वाक्य ऐकू येतं, 'तुम्ही ओटीपी दिलाच कसा?' अनेक जण ते ऐकायला नको म्हणून तक्रारच करत नाहीत.

लोक लोभी आहेत म्हणून फसतात, असं एक उत्तर आपल्याकडे तयार असतं. लोभाचीही उदाहरणं आहेत. बिडकीन परिसरातल्या, औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांना गुंतवणुकीच्या 'तीस-तीस' योजनेनं कसं नादी लावलं, हे जिल्हा विसरलेला नाही. पण वीज तुटेल म्हणून घाबरलेला माणूस लोभी नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल आल्यावर दंड थकायला नको म्हणून ती उघडणारा लोभी नसतो. केवायसी राहिली म्हणून धावणारी पेन्शनर बाई तर नाहीच नाही. ही माणसं आज्ञाधारक आहेत. सरकारी कागद आला की पाळायचा, बँकेचा निरोप आला की ऐकायचा, हे वळण त्यांना आपल्याच व्यवस्थेनं लावलं. २०२३ मध्ये आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेत अडकलेल्या ठेवीदारांनी निदान दार तरी ठोठावलं, मोर्चे काढले. ऑनलाइन फसलेल्याला ठोठावायला दार नसतं. त्याच्यापुढे उरतं ते आपलंच कार्यालय.

यातल्या एकाही विनंतीसाठी नवा कायदा लागत नाही. बऱ्याच गोष्टींना खर्चही लागत नाही. सुरुवात म्हणून प्रत्येक कार्यालयानं एक परीक्षा घेऊन पाहावी : आपण गेल्या महिन्यात पाठवलेले खरे संदेश आणि त्याच धर्तीचे खोटे संदेश एकत्र करून आपल्याच कर्मचाऱ्यांच्या घरच्या ज्येष्ठांपुढे ठेवावेत आणि कुणाला किती ओळखता आले ते मोजावं. निकाल जाहीर करावा.

या पत्राचं उत्तर अपेक्षित आहे. ते जावक क्रमांक घालून, मराठीत, आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावं. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये.

कळावे,

आपला,
छत्रपती संभाजीनगरचा एक वीजग्राहक, खातेदार आणि करदाता

प्रत माहितीसाठी : ज्यांच्या केंद्रावर या सगळ्याचा रोज निपटारा होतो, त्या आपले सरकार सेवा केंद्रांच्या चालकांना